महाविद्यालयीन वर्गात मोबाइल, ग्रुप आणि ऑनलाइन साधनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मराठी माध्यमाच्या कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांसाठी आहेत, विशेषतः तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या तरुण प्राध्यापकांसाठी. मी तालुक्याच्या ठिकाणी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे उदाहरणं त्या विषयाची जास्त आली आहेत. प्रश्न मात्र स्टाफरूममध्ये आणि कार्यशाळांत सगळ्याच विषयांचे लोक विचारतात तेच आहेत.

वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सगळ्या नोट्स त्यावर टाकतो. तरी मुलं वाचत नाहीत. आणखी काय करायचं?

पाठवणं कमी करा, विचारणं वाढवा. चाळीस पानांची पीडीएफ ग्रुपवर पडली की आपल्याला शिकवल्याचं समाधान मिळतं, मुलांना नोट्स हाती आल्याचं समाधान मिळतं, आणि दोन्हीकडचं काम तिथेच थांबतं. परीक्षेच्या आदल्या रात्री ती फाइल शोधली जाते, आणि तोवर व्हॉट्सॲप "ही फाइल आता उपलब्ध नाही" असं सांगू लागलेलं असतं.

शिकणं घडतं ते मुलाला काहीतरी आठवावं लागतं, ठरवावं लागतं, लिहावं किंवा बोलावं लागतं तेव्हा. म्हणून कोणतंही साधन हाती घेताना मी दोनच गोष्टी बघतो: यात विद्यार्थ्याला स्वतः काय करावं लागणार आहे, आणि त्याने केलेलं मी बघणार आहे का. दोन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर ते साधन कितीही देखणं असो, मी सोडून देतो.

नोट्स जरूर पाठवा, पण सोबत एक प्रश्न जाऊ द्या. "तिसऱ्या पानावरच्या आकृतीत पुरवठा वक्र उजवीकडे सरकला आहे. तुमच्या गावात असं कशामुळे घडेल? दोन ओळी लिहा." दुसऱ्या दिवशीचा तास आलेल्या उत्तरांपैकी दोन-तीन उत्तरं वाचून सुरू करा, लिहिणाऱ्याचं नाव घेऊन. आपलं लिहिलेलं सर खरंच वाचतात हे एकदा वर्गाला कळलं की उत्तरं वाढायला लागतात. ते कळायला थोडे आठवडे जातात, तेवढा धीर धरावा लागतो.

अशा गोष्टींनी शिकणं सुधारतं याला काही पुरावा आहे, की हा नुसता उत्साह आहे?

पुरावा आहे, पण तो नेमका कशाचा आहे हे नीट समजून घेतलं पाहिजे.

स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतल्या महाविद्यालयीन अध्यापनावरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं. जिथे मुलांना वर्गातच प्रश्न सोडवायला, चर्चा करायला लावलं जात होतं तिथे ते २१.८ टक्के होतं. फरक पडला तो मुलांना कामाला लावल्यामुळे. त्यात कागदावर सोडवायचे साधे प्रश्नही होते.

हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांची पद्धत १९९० च्या दशकापासून प्रसिद्ध आहे आणि आपल्याकडे जशीच्या तशी उचलता येते. थोडं शिकवायचं, मग संकल्पनेवरचा एक बहुपर्यायी प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने आपलं उत्तर एकट्याने द्यायचं. बरोबर उत्तर देणारे साधारण ३० ते ७० टक्के असतील तर शिक्षकाने गप्प राहायचं आणि मुलांना शेजारच्याला पटवून द्यायला सांगायचं. मग पुन्हा मतदान. त्यांच्या वर्गात यासाठी क्लिकर, म्हणजे बटण दाबून उत्तर नोंदवायची हातातली यंत्रं होती, आपल्या मुलांच्या हातात मोबाइल आहे.

तिसरी गोष्ट आठवण्याची. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. ग्रुपवरची दोन प्रश्नांची छोटी चाचणी म्हणूनच मोलाची आहे, तिला गुण असोत वा नसोत.

समाजमाध्यमांबद्दल विचाराल तर रेनॉल जंको आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १२५ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटात ट्विटर वापरलं गेलं त्या गटाचा अभ्यासातला सहभाग आणि श्रेणी दोन्ही वाढलेली दिसली. तिथे प्राध्यापक स्वतः रोज उत्तरं देत होते, चर्चा पुढे नेत होते. नुसतं खातं उघडून हा परिणाम मिळणार नाही.

सुरुवात एकाच साधनाने करायची तर कोणतं?

गूगल फॉर्म. फुकट आहे, कोणत्याही स्मार्टफोनवर उघडतो, मजकुराचा असेल तर डेटा नगण्य लागतो, मराठीत प्रश्न टाकता येतात, आणि उत्तरं आपोआप शीटमध्ये जमा होतात. तासाच्या शेवटी तीन प्रश्नांचा फॉर्म द्या: आज काय समजलं, काय समजलं नाही, एक उदाहरण. लिंक फळ्यावर लिहिण्यापेक्षा तिचा क्यूआर कोड छापून भिंतीवर कायमचा लावून ठेवा आणि फॉर्ममधले प्रश्न बदलत राहा. मुलं बाहेर जाता जाता स्कॅन करतात.

"काय समजलं नाही" या रकान्यातली उत्तरं वाचताना पुढच्या तासाची तयारी आपोआप होते. कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा मला तो रकाना जास्त उपयोगी वाटतो.

व्हॉट्सॲप, टेलिग्राम की गूगल क्लासरूम?

मुलं जिथे आधीच आहेत तिथे जावं हा साधा नियम, त्यामुळे बहुतेकांचं उत्तर व्हॉट्सॲपच येतं. पण एक गोष्ट फार गांभीर्याने घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. ऐंशी जणांच्या ग्रुपमधून एखाद्या मुलीचा नंबर बाहेर गेला, तिला अनोळखी मेसेज येऊ लागले, की ती ग्रुप सोडते आणि कारण कुणालाही सांगत नाही. आपल्याला वाटतं तिला अभ्यासात रस नाही. घरी कळलं तर तिचा फोन, प्रसंगी कॉलेजही बंद होतं. हे टाळणं आपल्या हातात आहे.

सूचनांसाठी व्हॉट्सॲप चॅनेल वापरा, त्यात फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. चर्चेसाठी टेलिग्राम चांगलं: तिथे नंबर लपवून नुसत्या नावाने वावरता येतं, आणि नंतर आलेल्या विद्यार्थ्याला जुन्या फाइलीही दाखवता येतात. त्यातल्या मतदानात कुणी काय निवडलं ते गुप्त ठेवता येतं. व्हॉट्सॲपच्या मतदानात ते सगळ्यांना दिसतं, आणि मग वर्गातल्या हुशार मुलाने जे निवडलं तेच बाकीचे निवडतात.

असाइनमेंट जमा करून घ्यायच्या, तपासून परत द्यायच्या, तर गूगल क्लासरूमला पर्याय नाही. महाविद्यालयाकडे सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस असेल तर मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची प्रणाली उत्तम. ते २००२ पासून मुक्त आणि मोफत आहे. माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

सगळ्यांकडे स्मार्टफोन नाही. असला तरी नेटवर्क नाही. मग?

ही अडचण खरी आहे. हा प्रश्न विचारणारे प्राध्यापक आपल्या वर्गाला ओळखतात. घरात एकच फोन, तो वडील शेतावर घेऊन जातात, मुलीच्या हाती रात्री नऊनंतर येतो, ही स्थिती अनेक घरांत आहे. म्हणून "आज संध्याकाळी सहापर्यंत" अशी मुदत देऊ नका, किमान दोन रात्री मिळतील अशी द्या.

वर्गात प्लिकर्स वापरून बघा. यात फोन फक्त शिक्षकाकडे लागतो. प्रत्येक विद्यार्थ्याला एक छापील कार्ड मिळतं. त्यावर चौकोनी नक्षी असते आणि चार बाजूंना चार पर्याय. ज्या पर्यायाची बाजू वर धरली ते त्याचं उत्तर. आपण फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते एका झटक्यात नोंदलं जातं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी असते, त्यामुळे शेजाऱ्याचं कार्ड बघून उत्तर ढापता येत नाही. मोठ्या संचात ६३ कार्डं असतात. जाड कागदावर झेरॉक्स काढा, पण लॅमिनेट करू नका. ट्यूबलाइटचा प्रकाश चकाकला की कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही.

तिघांत एक फोन हाही चांगला मार्ग आहे. किंबहुना तिघांना मिळून एकच उत्तर द्यायचं असेल तर त्यांना आधी आपसात बोलावं लागतं, आणि तेच तर आपल्याला हवं असतं.

वर्गात मोबाइल काढायला सांगितला की मुलं रील्स बघत बसतात.

बसतात. आणि त्याचा त्रास शेजाऱ्यालाही होतो. कॅनडात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर दुसरंच काही करणाऱ्यांचे गुण तर कमी आलेच, पण त्यांचा पडदा ज्यांना दिसत होता त्यांचेही कमी आले.

त्यामुळे फोन तासभर उघडा ठेवू नका. काम तीन-चार मिनिटांचं द्या, वेळ फळ्यावर लिहा, वेळ संपली की फोन पालथे बाकावर. पुढच्या प्रश्नापर्यंत ते तसेच राहतील. पहिले काही तास हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, मग वर्गाला सवय लागते.

ग्रुपवर चार-पाच मुलंच बोलतात, बाकी सगळे मुके.

वर्गातही चार-पाचच बोलतात, फक्त तिथे ते आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. न बोलणाऱ्यांची कारणं वेगवेगळी असतात, आणि इथेच घोडं पेंड खातं: एकच उपाय सगळ्यांना चालत नाही.

काहींना प्रमाण मराठी लिहायची भीती असते. घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा भिली बोलणारा मुलगा चुकेल म्हणून लिहीत नाही. त्याला व्हॉइस मेसेजची मुभा द्या. एका मिनिटात, आपल्या बोलीत सांग म्हणावं. लेखी उत्तरात दोन ओळींपुढे न जाणारी मुलं बोलताना कारण, उदाहरण, अपवाद सगळं नीट मांडतात, हे मी अनेकदा ऐकलं आहे. मग तोच व्हॉइस मेसेज त्याला स्वतःला ऐकून लिहून काढायला सांगा. गूगलच्या कीबोर्डवर माईक दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात, त्याची मदत घेऊ द्या. लेखनाची भीती अशाने बरीच कमी होते.

काहींना, विशेषतः मुलींना, सगळ्यांसमोर मत मांडणं नको असतं. त्यांच्यासाठी निनावी फॉर्म किंवा पॅडलेटसारखी ऑनलाइन भिंत ठेवा. काहींना खरंच सांगण्यासारखं काही सुचलेलं नसतं, कारण प्रश्नच पुस्तकी असतो. "मागणीचा नियम सांगा" याला ग्रुपवर कोण उत्तर देणार? "पेट्रोल महाग झालं तरी तुमच्या घरचा गाडीचा वापर कमी झाला का?" याला सगळे देतात.

आणि शुद्धलेखनाच्या चुका ग्रुपवर सगळ्यांसमोर काढू नका. एकट्याला सांगा.

प्रत्यक्ष वर्गात केलेलं एखादं उदाहरण सविस्तर सांगाल का?

कांद्याचं सांगतो. किंमत, मागणी-पुरवठा, लवचीकता आणि सरकारी हस्तक्षेप हा सगळा भाग त्यातून शिकवता येतो, आणि नाशिक, नगर, पुणे, सोलापूर भागातल्या मुलांना कांदा समजावून सांगावा लागत नाही.

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजच्या रोज बाजार समितीनिहाय आवक आणि दर मिळतात: कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर, प्रतिक्विंटल. एक गूगल शीट तयार करायची. मुलांचे गट पाडून प्रत्येक गटाला एक बाजार समिती द्यायची: लासलगाव, पिंपळगाव बसवंत, सोलापूर, लोणंद, चाकण. गटाने रोज आपली ओळ भरायची. दुसऱ्या पानावर प्रत्येकाने आपल्या गावच्या आठवडी बाजारातला किरकोळ भाव लिहायचा, किलोचा, आणि तो कोणत्या वारचा तेही.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट घडते. कुणीतरी क्विंटलचा आकडा आणि किलोचा आकडा एकाच आलेखात टाकतं आणि रेघ आभाळात जाते. शीटवर कमेंटची सोय आहे, तिथे दुसरा गट लिहितो, "शंभरने भागा." एककं सारखी असली पाहिजेत हे मी कधी वेगळं शिकवत नाही, तिथेच ते शिकतात. मग खरा प्रश्न पुढे येतो: लिलावातला सर्वसाधारण दर आणि आठवडी बाजारातला भाव यांत एवढं अंतर का?

त्याचं उत्तर पुस्तकात शोधण्याआधी घरी विचारायला सांगतो. ज्यांच्या घरी कांदा आहे ती मुलं बाजार समितीतली हिशेबपट्टी घेऊन येतात. हमाली, तोलाई काय कापली, वाहतुकीला किती गेले, गोण्यांचा खर्च किती, कांदाचाळीत साठवलेल्यातला किती सडला. पट्टीचा फोटो टाकताना नाव, गाव आणि एकूण रक्कम झाकून टाकायची हा नियम कडक पाळतो. घरची मिळकत वर्गासमोर उघडी पडता कामा नये. ज्यांच्या घरी शेती नाही ती मुलं भाजीवाल्या मावशींना विचारतात की सकाळी मोंढ्यातून माल उचलल्यापासून संध्याकाळपर्यंत किती वाया जातो.

शेवटी जुनी आकडेवारी काढायला लावतो. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती ४ मे २०२४ रोजी उठवली आणि सोबत किमान निर्यात मूल्य व निर्यात शुल्क लावलं. या दोन तारखांच्या आधी आणि नंतर आपल्या बाजार समितीची रेघ कशी वागली ते प्रत्येक गटाने पाहायचं आणि पाच मिनिटं वर्गासमोर बोलायचं. या दिवशी मागच्या बाकावरची, एरवी हजेरीपुरतं "येस सर" म्हणणारी मुलं उभी राहून बोलतात, कारण हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्या पाच मिनिटांसाठी सगळा खटाटोप करावासा वाटतो.

इतिहासवाल्यांनी गावातल्या वीरगळांचे फोटो आणि जागा नोंदवाव्यात, भूगोलवाल्यांनी विहिरींची पाणीपातळी, वनस्पतिशास्त्रवाल्यांनी कॅम्पसमधली झाडं. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आलाच आहे, त्यात हे सगळं बसतं.

व्हिडिओ तयार करायचे तर किती लांबीचे?

सहा मिनिटांच्या आत. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-पाहण्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही मोठा असला तरी मुलं साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाहीत असं त्यात दिसलं. पन्नास मिनिटांचं व्याख्यान चित्रित करून टाकण्यापेक्षा एका शंकेला एक व्हिडिओ करा. फोन उभा धरून वहीवर लिहीत समजावलं तरी पुरतं. स्टुडिओ लागत नाही, आवाज स्वच्छ लागतो. पंखा बंद करा.

मराठीत तयार साहित्य कुठे मिळेल?

वाटतं त्यापेक्षा बरंच आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिस, लिनक्स आणि प्रोग्रामिंगच्या भाषा शिकवणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांचं मराठी ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. धडा थांबवत थांबवत शेजारी स्वतः करून बघायचं अशी त्यांची रचना आहे, म्हणून ते मला विशेष आवडतात. विज्ञानासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची सिम्युलेशनं घ्या. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये तो प्रकल्प सुरू केला. अनेक सिम्युलेशनं मराठीत आहेत, मोबाइलवर चालतात आणि उतरवून घेतली तर नेटशिवायही चालतात.

संकल्पना नेमक्या मराठीत समजून घ्यायला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभा केलेला मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे. नोंदी जुन्या असतील तिथे आकडे बदलले आहेत हे मुलांना सांगा, किंवा नवे आकडे शोधायचं कामच त्यांना द्या. शोधनिबंध आणि पुस्तकांसाठी तुमचं महाविद्यालय एन-लिस्टचं, म्हणजे महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं पुरवणाऱ्या योजनेचं सदस्य आहे का हे ग्रंथपालांना विचारा. सदस्यत्व असून कुणी पासवर्डच मागितलेला नाही अशी महाविद्यालयं आहेत.

स्वयमवरचे कोर्स मुलांना करायला सांगावेत का?

हो, पण एकट्याला सोडू नका. स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या एकूण अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून करून त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) मिळवता येतात. शिकणं मोफत आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडतं. आपली मुलं अडखळतात ती इंग्रजीपाशी आणि एकटेपणापाशी. पाच-सहा जणांनी एकच कोर्स घ्यावा, आठवड्यातून एकदा ग्रंथालयात एकत्र बसून त्या आठवड्याचे प्रश्न सोडवावेत, आणि आपण अर्धा तास तिथे थांबावं. असा गट असेल तर कोर्स पूर्ण होतो.

माझ्या जुन्या नोट्स श्रीलिपीत आहेत. फॉर्ममध्ये पेस्ट केल्या की चित्रविचित्र अक्षरं येतात.

त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत आणाव्या लागतील. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये संगणक आतून इंग्रजी अक्षरंच साठवतो आणि वरून मराठीसारखी दाखवतो. तो फाँट जिथे नाही तिथे सगळं उघडं पडतं. रूपांतर करणारी मोफत साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार नंतर डोळ्यांखालून घालावे लागतात. छापील प्रतच असेल तर गूगल लेन्सने मजकूर उचलता येतो.

हे काम कंटाळवाणं आहे, तरी करा. तुमच्या वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर त्याचा फोन युनिकोड मजकूर मोठ्याने वाचून दाखवू शकतो. श्रीलिपीतलं पान किंवा स्कॅन केलेली पीडीएफ त्याच्यासाठी कोरी असते.

विद्यार्थ्यांना मराठी विकिपीडियावर लिहायला लावणं कसं?

अतिशय चांगलं काम, पण तयारी करून. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचा पथदर्शी कार्यक्रम केला होता. मुलं शेकड्यांनी होती आणि त्यांना मार्गदर्शन करणारे अनुभवी संपादक मोजके. बऱ्याच मुलांनी पुस्तकांतला आणि संकेतस्थळांवरचा मजकूर जसाच्या तसा उचलून टाकला. तो काढता काढता जगभरचे स्वयंसेवक थकले आणि कार्यक्रम त्याच वर्षी थांबवावा लागला.

त्यातून घ्यायचं ते असं. मोठ्या वर्गाला एकदम उतरवू नका, दहा-बारा इच्छुक मुलं घ्या. पहिला महिना नवा लेख नकोच: आहे त्या लेखात संदर्भ जोडणं, शुद्धलेखन सुधारणं, स्वतः काढलेला फोटो चढवणं एवढंच. वाचलेलं पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहायचा सराव आधी वहीत करून घ्या. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि आपल्या तालुक्यांवरचे, नद्यांवरचे, किल्ल्यांवरचे कितीतरी लेख अजून दोन-चार ओळींचेच आहेत. तिथे मुलाने घातलेला एक नीट परिच्छेद त्याच्यानंतर हजारो लोक वाचतात, आणि हे त्याला कळतं तेव्हा तो स्वल्पविरामही तपासून टाकतो.

सगळे चॅटजीपीटीवरून उत्तरं आणतात. असाइनमेंट द्यायच्या कशाला?

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं तेव्हापासून "अमुक संकल्पना स्पष्ट करा" छापाची असाइनमेंट निरुपयोगी झाली आहे, हे मान्य करून पुढे जाऊ. तशी ती आधीही सीनियरच्या वहीतून उतरवलीच जात होती.

उत्तर जिथून यायचं ती जागा बदला. गावातली आकडेवारी, वर्गात झालेली चर्चा, स्वतः घेतलेली मुलाखत यांवर आधारलेला प्रश्न विचारा. आणि प्रत्येक असाइनमेंटला दोन मिनिटांची तोंडी जोड द्या: "हे वाक्य तू लिहिलंस, याचा अर्थ सांग." मोठ्या वर्गात सगळ्यांना विचारणं जमत नाही, दर वेळी चिठ्ठ्या टाकून काही नावं काढा.

एआयची उत्तरं तपासायला देणं हाही उत्तम अभ्यास आहे. आपल्याच तालुक्याबद्दल त्याला मराठीत माहिती विचारायची आणि त्यातल्या चुका शोधायच्या. मुलं फार हिरिरीने शोधतात, आणि छापून आलेलं सगळं खरं नसतं ही जाणीव त्यांच्या मनात पक्की बसते.

सहभागाला गुण द्यावेत का?

थोडे, आणि केल्याबद्दल. बरोबर आल्याबद्दल नको. अंतर्गत मूल्यमापनात जागा असते. गुण जास्त ठेवले की तोंडदेखले "खूप छान माहिती सर" असे मेसेज येऊ लागतात.

विद्यार्थ्यांची इन्स्टाग्रामवरची रिक्वेस्ट स्वीकारावी का?

मी स्वीकारत नाही, आणि त्यांना पाठवतही नाही. वर्गासाठी वेगळं सार्वजनिक पान काढा, ते ज्यांना हवं ते बघतील. एखाद्या विद्यार्थिनीशी किंवा विद्यार्थ्याशी खासगी चॅटवर अभ्यासापलीकडचं बोलणं नको. शंका खासगीत आली तर उत्तर नाव न घेता ग्रुपवर द्या, बाकीच्यांनाही उपयोग होतो. विद्यार्थ्यांचे फोटो, गुण, जात-प्रवर्गाची यादी ग्रुपवर कधीही टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे, आणि आपल्या प्रथम वर्षाच्या वर्गात सतरा वर्षांची मुलं असतात.

हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा? आम्हाला तासाचेच पैसे मिळतात.

हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्याला समर्पणाचं प्रवचन देऊ नये. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला तासाबाहेरच्या कामाचा मोबदला मिळत नाही, आणि तो मिळायला हवा. तोवर स्वतःला मर्यादा घालून घ्या. एका सत्रात एका विषयाला एकच उपक्रम. ग्रुपवर उत्तर द्यायची वेळ ठरवून जाहीर करा, समजा संध्याकाळी सात ते साडेसात, आणि त्यानंतर ग्रुप फक्त ॲडमिनसाठी खुला ठेवा. रात्री अकराला आलेल्या मेसेजला लगेच उत्तर दिलं की रात्री अकराला मेसेज यायचा पायंडा पडतो.

सगळी उत्तरं तपासायला बसू नका. पाच वाचा, वर्गात बोला, पुढच्या वेळी दुसरी पाच. फॉर्म एकदा तयार केला की पुढच्या वर्षी त्याची प्रत काढून वापरता येते. शेजारच्या महाविद्यालयातला तुमच्याच विषयाचा सहकारी शोधा आणि प्रश्न वाटून घ्या.

सत्र संपल्यावर ग्रुपचं काय करायचं?

निकाल लागेपर्यंत ठेवा. उपक्रमाची शीट, चांगली उत्तरं, फोटो हे विभागाच्या ड्राइव्हवर हलवा. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, तपासणीसाठी नोंदी लागतात तेव्हा शोधाशोध होत नाही, आणि तासिका तत्त्वावरचा माणूस बदलला तरी काम विभागाकडे राहतं. विद्यार्थ्यांची नावं असलेला भाग त्यातून काढून टाका. मग ग्रुपवर तसं सांगून सगळ्यांना बाहेर काढा आणि ग्रुप बंद करा. ज्यांना संपर्कात राहायचं आहे ते माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये स्वतःहून येतील.